जुना सी.एन.सी. लेथ : भंगारात की कामात?

आम्ही कापडाचे व्यापारी. लेथ मशीनशी आमचा संबंध काय, असे काही वाचक विचारतील. संबंध आहे आणि तो जुना आहे. माग चालतो तो क्रँक शाफ्टवर, बुशवर, पुलीवर आणि रोलरवर. हे सगळे पार्ट कुठल्या ना कुठल्या वर्कशॉपात लेथवरच उतरतात. वर्कशॉप थांबले की माग अडतो, माग अडला की ग्रे कापडाची गाठ अडते, आणि गाठ अडली की आमची उधारी अडते. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. तेथे या यंत्राला आम्ही 'खराद' म्हणायला शिकलो आणि त्यावर काम करणाऱ्याला 'खरादी'. पुढे धंद्यात आल्यावर लेथ, टर्नर, जॉबवर्क हे शब्द तोंडात बसले. नाव काहीही घ्या, लोखंड तेच.

भिवंडीत गेल्या काही वर्षांत साधे माग किलोच्या भावाने विकले गेलेले आपण सर्वांनी पाहिले आहेत. ज्या मागावर दोन पिढ्यांचे घर चालले, तो काट्यावर चढवून भंगारवाल्याच्या ट्रकमध्ये टाकला गेला. आता तीच वेळ लहान वर्कशॉपांतील सी.एन.सी. लेथवर आली आहे. १९८५ ते २००० या काळातले हे लेथ. कुणी मोठ्या कंपनीच्या लिलावातून सेकंडहँड घेतलेला, कुणी बाहेर देशातून वापरलेला मागवलेला. एके दिवशी स्क्रीन काळी पडते, कार्ड जळते, मेकॅनिक सांगतो की हे कार्ड आता मिळत नाही. मग एका दारातून भंगारवाला येतो आणि दुसऱ्या दारातून नव्या मशीनचा सेल्समन फायनान्सचे कागद घेऊन येतो.

आमचे म्हणणे असे की, या दोघांना थोडे दाराबाहेर थांबवावे. तिसरा रस्ता आहे. लोखंड ठेवायचे, कंट्रोल, ड्राइव्ह आणि मोटर नव्या बसवायच्या. बाजारात याला रेट्रोफिट म्हणतात. हा रस्ता चांगला आहे, पण दोन अटींवर. पैसे देण्याआधी लोखंड मोजून घ्यावे, आणि काम संपल्यावर सर्व कागद व पासवर्ड मालकाच्या हातात यावेत. या दोन अटी पाळल्या नाहीत तर रेट्रोफिट हा नुकसानीचा सौदा आहे, हे आम्ही स्पष्टच लिहितो.

आधी या यंत्रात जुने काय होते ते पाहू. बेड, हेडस्टॉक, स्पिंडल, सॅडल, बॉल स्क्रू, टरेट, टेलस्टॉक हे झाले शरीर. कंट्रोल, ड्राइव्ह, मोटर, एन्कोडर, वायरिंग हे झाले डोके आणि नसा. बिडाचा जाड बेड तेल-पाणी वेळेवर मिळाले तर तीस-चाळीस वर्षे सहज काढतो. इलेक्ट्रॉनिक्सचे तसे नाही. कपॅसिटर सुकतात, बॅटरी गळून कार्ड खाते, पंखा बंद पडून पॅनेल तापते, आणि कंपनी काही वर्षांनी त्या मॉडेलचे सुटे भाग देणे थांबवते. फानुकची सिरीज झिरो ही कंट्रोल १९८५ साली आली आणि जगभर लाखो मशीनवर बसली. आजही कितीतरी ठिकाणी ती चालू आहे. पण ज्याची बंद पडते त्याला जुन्या बाजारात कार्ड शोधत फिरावे लागते. म्हणजे शरीर ठणठणीत आणि डोके गेलेले, अशी ही अवस्था असते. असे यंत्र भंगारात देणारा माणूस बिडाचे पैसे घेतो आणि घडाईचे सोडून देतो.

कापडवाल्यांना यात एक गोष्ट ओळखीची वाटेल. छिद्रांच्या कार्डावरून यंत्राला हुकूम देण्याची युक्ती फ्रान्समधील लियों शहरात जाकार्डने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मागावर बसवली. अमेरिकेत एम.आय.टी.ने १९५२ साली जी पहिली न्यूमेरिकल कंट्रोलची मिलिंग मशीन दाखवली, तीही छिद्रांच्या पट्टीवरच चालत होती. आपल्याकडे कोइमतूरची लक्ष्मी मशीन वर्क्स सूतगिरणीची यंत्रे बनवता बनवता सी.एन.सी. लेथही बनवू लागली. तेव्हा माग आणि खराद हे काही परके नाहीत.

आता लोखंड मोजण्याविषयी. येथे आम्ही थोडे विस्ताराने लिहितो, कारण पैसा बुडतो तो बहुतेक येथेच. रेट्रोफिट करणारा पक्ष आला की तो स्क्रीन दाखवतो. मोठी रंगीत स्क्रीन, पेन ड्राइव्हने प्रोग्राम, ग्राफिक. मालक खूष होतो. पण स्क्रीन कितीही सुंदर असली तरी झिजलेल्या बेडवर गोल जॉब निघत नाही. लेथवर बहुतेक काम चकाजवळच्या वीत-दोन वीत जागेत होते, म्हणून मार्ग तेथेच जास्त घासतो. वीतभर लांबीचा जाड गज चकात धरावा, त्यावर हलका कट घ्यावा आणि दोन टोकांना व मध्ये मायक्रोमीटर लावावा. उतार एकसारखा असेल तर हेडस्टॉकची बैठक सुधारून तो जाऊ शकतो. मध्येच पोट किंवा खड्डा निघाला तर मार्ग घासला आहे असे समजावे. मग बेड ग्राइंड करणे आणि सॅडलखाली टर्साइटची पट्टी लावून खरवडणे हा वेगळा खर्च आहे. तो रेट्रोफिटच्या कोटेशनमध्ये बहुधा लिहिलेलाच नसतो.

स्पिंडलच्या नाकात टेस्ट बार घालून डायल लावावा. बॉल स्क्रूची ढिलाई पाहायची तर स्लाइड एका बाजूला नेऊन परत फिरवावी आणि डायल किती उशिरा हलतो ते लिहून ठेवावे. हे तीन ठिकाणी करावे : चकाजवळ, मध्ये आणि शेवटी. कारण असे की ढिलाईची भरपाई कंट्रोलमध्ये आकडा टाकून करता येते, पण साध्या सेटिंगमध्ये तो आकडा पूर्ण लांबीसाठी एकच असतो. चकाजवळ चार शतांश आणि टोकाला एक शतांश ढिलाई असेल तर कोणता आकडा टाकणार? अशा वेळी स्क्रू बदलावा किंवा त्याचा नट नव्याने भरून घ्यावा. आणखी एक हिशेब ध्यानात ठेवावा. लेथवर आडव्या स्लाइडमधील चूक जॉबच्या व्यासावर दुप्पट होऊन उतरते. स्लाइड एक शतांश चुकली तर व्यास दोन शतांश चुकतो. आमचे जुने मिस्त्री अजून सुतात बोलतात, आठ सुतांचा एक इंच. आमचे सूत निराळे, त्यांचे निराळे. पण सी.एन.सी.च्या कामात या दोन्ही सुतांचा उपयोग नाही, तेथे शतांश मिलिमीटरचाच व्यवहार आहे.

ही सगळी मोजणी एका दिवसाचे काम आहे. जाणकार फिटरला त्या दिवसाची मजुरी द्यावी आणि आकडे कागदावर घ्यावेत. रेट्रोफिट करणाऱ्या पक्षाकडून ही तपासणी फुकट करून घेऊ नये. कापड विकणाऱ्यानेच पन्हा मोजून द्यावा आणि घेणाऱ्याने मान डोलवावी, असा व्यवहार आपण बाजारात करतो का?

मोटरच्या बाबतीत एक गैरसमज फार आहे. लोक किलोवॅट विचारतात. जुन्या लेथवर कार्बन ब्रशच्या डी.सी. सर्वो मोटरी होत्या. आकाराने मोठ्या, कमी फेऱ्यांच्या, पण अंगात जोर असलेल्या. नव्या ए.सी. सर्वो मोटरी लहान, हलक्या आणि जास्त फेऱ्यांच्या येतात. किलोवॅट सारखे असले तरी जास्त फेऱ्यांच्या मोटरीचा टॉर्क कमी भरतो. म्हणून जुन्या मोटरीच्या पाटीवरचा टॉर्क वाचावा आणि नव्या मोटरीचा त्याच्याशी जुळवावा. फ्लँज, शाफ्टची जाडी, कपलिंग हेही बदलते. त्यासाठी अडॅप्टर प्लेट टर्न करावी लागते. ती वेडीवाकडी झाली तर नवी मोटर पहिल्या महिन्यातच बेअरिंग खाते.

लेथ स्लँट बेडचा, म्हणजे तिरक्या बैठकीचा असेल तर आडव्या स्लाइडची मोटर ब्रेकवालीच घ्यावी. वीज गेली की टरेटचे सगळे वजन खाली घसरते, आणि खाली जॉब किंवा कारागिराचा हात असू शकतो. काही जण थोड्या पैशांसाठी बिनब्रेकची मोटर बसवतात. आमच्या मते हा गुन्हा आहे. त्याचप्रमाणे इमर्जन्सीचे लाल बटण दाबले की ड्राइव्हची ताकद प्रत्यक्ष रिलेने तुटली पाहिजे. नुसता कंट्रोलला निरोप जाऊन त्याने थांबायचे, अशी रचना चालणार नाही. कंट्रोलच बिघडले असेल तर निरोप घेणार कोण?

स्पिंडलला साधी इंडक्शन मोटर आणि व्ही.एफ.डी. लावून काम भागते, असे सांगितले जाते. हलक्या कामाला भागते. पण कमी फेऱ्यांवर मोठ्या व्यासाचा बिडाचा जॉब घेतला की ती दम सोडते, आणि तिचा पंखा तिच्याच शाफ्टवर असल्याने हळू फिरताना तापते. आपल्याकडे मागाच्या पुल्या बिडाच्याच असतात, हे ध्यानात ठेवावे. आटे पाडायचे असतील तर स्पिंडलवर एन्कोडर हवाच. टूल प्रत्येक फेरीत त्याच जागी आट्यात शिरले पाहिजे, आणि ती जागा कंट्रोलला एन्कोडरच सांगतो.

कंट्रोल कोणते घ्यावे यावर वाद घालण्यात अर्थ नाही. फानुक, सीमेन्स, मित्सुबिशी ही जपानी-जर्मन नावे महाग पडतात, पण त्यांचा जाणकार जवळपास मिळतो. तैवानचे सिंटेक, चीनचे जी.एस.के. स्वस्त पडते. लिनक्स-सी.एन.सी. नावाचे एक फुकट सॉफ्टवेअरही आहे; त्याचे मूळ अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेत आहे आणि जगात अनेक जुन्या लेथवर ते चालते. ज्याच्या घरात कॉम्प्युटर समजणारा मुलगा आहे त्याने त्याचा विचार करावा, इतरांनी करू नये. आमचा निकष एकच : मशीन बंद पडल्यावर दोन दिवसांत दारात येणारा माणूस ज्या कंट्रोलचा आहे, ते कंट्रोल घ्यावे.

आता दुसरी अट, कागदांची. सी.एन.सी. लेथमध्ये कंट्रोलखेरीज एक 'लॅडर' असते. टरेट कधी सुटायचा, कोणत्या क्रमाने फिरायचा, कधी अडकायचा. चकाचा हायड्रॉलिक दाब पुरेसा नसेल तर स्पिंडल फिरू द्यायचा नाही. तेल संपले तर इशारा द्यायचा, हा सगळा कारभार लॅडर पाहते. रेट्रोफिटचे निम्मे काम हे लॅडर लिहिण्याचेच असते. ती लिहिणारा माणूस तिला पासवर्ड लावून निघून जातो. मालकाला त्या वेळी काहीच वाटत नाही, कारण मशीन चालू असते.

आमच्या व्यवहारातील एका वर्कशॉपात हेच घडले. आमच्या मागवाल्यांचे रोलर आणि बुश तेथून येत. रेट्रोफिट झाले, वर्षभर मशीन उत्तम चालले. मग टरेटचा एक सेन्सर गेला. त्याच मेकचा मिळाला नाही, दुसरा बसवला, तर लॅडरमध्ये एक ओळ बदलणे भाग पडले. ज्या पक्षाने काम केले होते तो फोन घेईना. घेतला तेव्हा त्या एका ओळीसाठी मागितलेली रक्कम ऐकून मालक गप्प बसला. दुसरा इंजिनीअर आणला, त्याने सांगितले की पासवर्डशिवाय आत जाता येत नाही, लॅडर पहिल्यापासून लिहावी लागेल. सात आठवडे लेथ उभा राहिला. दोन कारागीर या काळात दुसरीकडे लागले. मागवाल्यांनी पार्ट बाहेरून मागवले आणि त्यांपैकी काही पुन्हा त्या वर्कशॉपात आलेच नाहीत. लोखंड मालकाचे, मोटरी मालकाच्या, वीज मालकाची, आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात, असा हा प्रकार.

म्हणून ऑर्डर देतानाच लिहून घ्यावे. लॅडरची मूळ प्रत, तिचा पासवर्ड, सर्व पॅरामीटरचा बॅकअप, ड्राइव्हचे सेटिंग, वायरिंगचे नवे नकाशे आणि प्रत्येक भागाचा मेक व नंबर, एवढे सर्व मालकाला मिळाल्याशिवाय शेवटचा हप्ता द्यायचा नाही. बॅकअप दोन पेन ड्राइव्हवर घ्यावा, एक वर्कशॉपात आणि एक घरच्या कपाटात. तारांना नंबर लावून घ्यावेत. जो पक्ष याला तयार नसेल त्याला सलाम करून निरोप द्यावा. शब्दावर व्यवहार करण्याची आपल्या बाजारात जुनी रीत आहे आणि तिची आम्हाला कदर आहे. पण शब्द देणारा माणूस शहर सोडून गेला तर लेथ शब्दावर फिरत नाही.

बॅटरीविषयी एक वाक्य लिहितो. अनेक जुन्या कंट्रोलमध्ये सर्व पॅरामीटर बॅटरीच्या जोरावर टिकतात आणि ती बॅटरी मशीनची वीज चालू ठेवूनच बदलायची असते. ईदच्या सुट्टीत मशीन बंद, बॅटरी संपलेली, आणि सुट्टीनंतर कंट्रोल कोरे, असे होऊन चांगले चालणारे लेथ 'बिघडले' म्हणून भंगाराच्या भावात गेले आहेत. नव्या कंट्रोलमध्ये हा धोका कमी आहे, तरी एन्कोडरच्या बॅटऱ्या असतातच. त्यांची तारीख भिंतीवर लिहून ठेवावी.

मग नवे मशीन घेऊच नये का? तसे आम्ही म्हणत नाही. ज्याच्याकडे एकाच पार्टची हजारोंची ऑर्डर आहे, जेथे प्रत्येक सेकंदाचे पैसे आहेत, त्याने नवाच लेथ घ्यावा. नवी मोटर घातली म्हणून जुनी जड स्लाइड नव्यासारखी धावत नाही, जुना टरेटही त्याच चालीने फिरतो. पण मागाच्या पार्टचे काम वेगळे आहे. आज वीस बुश, उद्या चार शाफ्ट, परवा सहा पुल्या. येथे जास्त वेळ सेटिंगमध्ये जातो आणि कापण्यात कमी. अशा कामाला जुन्या लेथचा वेग पुरतो, आणि नव्या कंट्रोलमुळे प्रोग्राम साठवता येतो, सेटिंग लवकर होते. फरक पडतो तो येथे.

दुसरा मुद्दा भांडवलाचा. नवे मशीन बहुधा कर्जावरच येते, आणि काम असो वा नसो, हप्ता दर महिन्याला येतो. आपल्या वाचकांपैकी अनेकजण व्याजी कर्जापासून दूर राहतात, त्यांना तर तो दरवाजा बंदच आहे. रेट्रोफिट घरच्या भांडवलातून किंवा भागीदारीत होऊ शकते. यंदा लोखंडाची दुरुस्ती, पुढच्या वर्षी कंट्रोल आणि मोटरी, असे दोन टप्प्यांतही होते. मात्र कंट्रोल आधी आणि लोखंड नंतर, असा उलटा क्रम लावू नये.

सरकारनेही हे तत्त्व आपल्याच धंद्यात मान्य केलेले होते. साध्या मागांना जागच्या जागी सुधारण्याची योजना केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाने २०१३ साली आणली आणि २०१७ साली भिवंडीत पॉवरटेक्स इंडिया सुरू झाले तेव्हा ती त्यात घेतली गेली. ताणा किंवा बाणा तुटला की माग थांबवणारी यंत्रणा जुन्याच मागावर बसवायची आणि सर्वसाधारण गटातील मागवाल्याला ठराविक मर्यादेपर्यंत निम्मा खर्च द्यायचा, असे तिचे स्वरूप होते. माग ठेवून माग सुधारणे योग्य असेल, तर त्या मागाचे पार्ट बनवणाऱ्या लेथला वेगळा न्याय का असावा? वर्कशॉपवाल्यांच्या संघटनांनी ही मागणी जिल्हा उद्योग केंद्रापर्यंत नेली पाहिजे.

आपल्या गावांच्या हवेचाही विचार करावा. मागांच्या शेजारी असलेल्या वर्कशॉपात रुईचे तूस पॅनेलच्या पंख्यातून आत जाते आणि ड्राइव्हच्या फिन्समध्ये नमदा जमवते. पॅनेल बंद ठेवून त्याला छोटा ए.सी. लावावा, नाहीतर फिल्टर दर आठवड्याला झाडावा. विजेचा दाब वरखाली होतो, म्हणून स्टॅबिलायझर व आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवा, आणि अर्थिंग लेथसाठी स्वतंत्र व चांगले करून घ्यावे. मोटरीच्या केबल जाळीच्या घ्याव्यात आणि एन्कोडरच्या तारांपासून दूर न्याव्यात. नाहीतर शेजारची वेल्डिंग मशीन चालू झाली की लेथ आपोआप अलार्म देतो आणि महिनाभर दोष कुणाला सापडत नाही.

राहता राहिला काढलेला माल. रेट्रोफिट करणारा पक्ष जुनी कंट्रोल, ड्राइव्ह आणि मोटरी 'कचरा आहे' म्हणून उचलून नेतो. तो कचरा नाही. तेच मॉडेल चालवणारे दुसरे वर्कशॉप त्या कार्डासाठी वणवण करत असते. काढताना प्रत्येक कार्डाचा नंबर लिहावा, चालू कार्ड वेगळे आणि बंद वेगळे ठेवावे, आणि पक्षाला नेऊ द्यायचेच असेल तर जुन्या बाजारात त्याचा भाव विचारून तेवढी रक्कम बिलातून वजा करून घ्यावी.